ऊन, धोतर आणि न भरणारी जखम : त्वचेच्या कॅन्सरचा आपल्याकडचा इतिहास

(भागाचं शब्दांकन. ऐकताना चालून जाणारी पुनरुक्ती वाचताना खटकते, म्हणून ती थोडी कमी केली आहे.)



परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला तर त्याची कुणाला बातमी वाटत नाही. जिंतूरला, पाथरीला, गंगाखेडला शेतात माणसं असतातच. कापूस वेचणं, हळद काढणं, ऊसतोड, वीटभट्टी, रस्त्याची कामं, सगळं उघड्यावर. एखाद्या सालगड्यानं पन्नास वर्षांत किती तास ऊन अंगावर घेतलं असेल, याचा हिशेब मांडला तर आकडा डोकं फिरवेल.

आता याच माणसाचा नातू मोबाईलवर वाचतो की उन्हामुळे त्वचेचा कॅन्सर होतो. क्रीमच्या जाहिरातीत बघतो. मग तो साहजिक विचारतो : असं असेल तर आपल्या गावात घरटी एक रुग्ण पाहिजे होता. तो का नाही? आणि नाहीच म्हणावं, तर आजोबांच्या कानशिलावरची जी जखम वर्षभर भरत नाहीये, ती कशाची?

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. आणि त्यांची उत्तरं डॉक्टरीच्या पुस्तकापेक्षा इतिहासात जास्त नीट सापडतात. कारण 'ऊन म्हणजे कॅन्सर' हे समीकरण कुणी मांडलं, कुणाची कातडी बघून मांडलं, आणि आपली कातडी कुणी, कधी बघितली, यातच सगळी गोम आहे.

खलाशी आणि द्राक्षमळे

सुरुवात लंडनपासून करू. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदानं लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो, आणि त्याला कारण धुराड्यातली काजळी. कामामुळे कॅन्सर होतो, असं स्पष्टपणे दाखवलेलं हे पहिलं उदाहरण मानतात. या इतिहासात कातडी कायम पुढे आहे. पोटातला रोग दिसत नाही, कातडीवरचा दिसतो. म्हणून 'कशामुळे होतो' हा प्रश्न आधी कातडीला विचारला गेला.

काजळीनंतर नंबर लागला उन्हाचा. १८९४ साली हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना या त्वचारोगतज्ज्ञानं खलाशांच्या कातडीचं वर्णन केलं. हॅम्बुर्ग हे बंदर. आयुष्य डेकवर काढलेल्या म्हाताऱ्या खलाशांच्या चेहऱ्याची आणि हातांची कातडी जाड, डागाळलेली, खरबरीत झालेली असे, आणि तिच्यावर पुढे कॅन्सर उगवे. कपड्याखालची कातडी मात्र त्याच माणसाची असून चांगली. पुढच्या काही वर्षांत फ्रान्समधल्या बोर्दोच्या विल्यम दुब्रय यांनी तेच द्राक्षमळ्यांत काम करणाऱ्या मजुरांत पाहिलं. मळ्यातल्या माणसांत हा रोग भरपूर, शहरातल्यांत क्वचित.

म्हणजे बघा, पुरावा शेतमजुरांचाच होता. फक्त ते शेतमजूर बोर्दोचे होते.

यानंतर प्रयोगशाळेनं शिक्कामोर्तब केलं. १९२८ साली जी. एम. फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरणांचा दिवा सोडला आणि उंदरांना कातडीच्या गाठी आल्या. १९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी याहून पुढची गोष्ट दाखवली. अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर एका ठरावीक प्रकारची खोड करतात. कॅन्सर झालेल्या कातडीत 'पी ५३' या जनुकावर नेमकी तीच खोड सापडली. चोरानं बोटांचे ठसे ठेवून जावेत, तसं. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सूर्यप्रकाशाला माणसात कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

तर ऊन दोषी आहे, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियात तर गोऱ्या वस्तीवर उन्हाचा इतका मारा आहे की सत्तरीपर्यंत तीन माणसांपैकी किमान दोघांना कधी ना कधी त्वचेचा कॅन्सर होतो, असं तिथलं गणित सांगतात. १९८१ पासून तिथं शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला, अशी देशभर मोहीम चालली.

पण खलाशी, द्राक्षमळे, ऑस्ट्रेलिया, या तिन्ही ठिकाणची कातडी गोरी होती.

साहेबाची टोपी

मधल्या काळात हिंदुस्थानातल्या साहेबाला उन्हाची भीती होतीच, पण ती भलतीच. त्याला वाटायचं की इथलं ऊन कवटीतून मेंदूत शिरतं आणि पाठीच्या कण्याला इजा करतं. म्हणून सोला टोपी आली. तिला 'सोलर' टोपी म्हणू लागले, जणू सूर्याशी नातं आहे. खरं तर 'शोला' नावाच्या पाणवनस्पतीचं हलकं भेंड वापरून ती बनायची, त्यावरून ते नाव. काही साहेब तर पाठीवर कण्याच्या जागी जाड कापडी गादी बांधून फिरत. दुसऱ्या महायुद्धात गोरे सैनिक बिनटोपीचे उन्हात वावरले, कुणाचा मेंदू वितळला नाही, आणि ती सक्ती हळूहळू ढिली पडली.

या सगळ्यात एक गृहीत मात्र कायम राहिलं. ऊन हा साहेबाचा प्रश्न. 'नेटिव्ह' माणसाला ऊन बाधत नाही, तो त्यासाठीच जन्मलाय. अर्धं खरं असलेलं हे वाक्य फार नुकसान करून गेलं. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, ते आता बघू.

अंगातली छत्री आणि तिची भोकं

खरं अर्ध असं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येनं असतात. फरक पडतो त्या पेशी मेलॅनिन किती बनवतात, त्याचे दाणे केवढे असतात आणि ते कसे पसरतात यात. हे दाणे पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे बसतात आणि डीएनएला सावली देतात. अमेरिकेत १९७९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात काळ्या माणसाच्या वरच्या कातडीचं संरक्षण सुमारे १३ पट आणि गोऱ्या माणसाचं सुमारे ३ पट भरलं होतं. आपण सावळी माणसं यांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून भारतात एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा फार थोडा, साधारण एक-दोन टक्क्यांच्या आत राहतो. घरटी एक रुग्ण का नाही, याचं उत्तर हे.

आता खोटं अर्ध. या छत्रीला भोकं आहेत.

पहिलं भोक : चेहरा. नाकाची बाजू, डोळ्याचा कोपरा, कानशील, खालचा ओठ. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये वर्णन केलेला, हळूहळू कुरतडत जाणारा व्रण इथंच येतो. गोऱ्या कातडीवर तो मोत्यासारखा चमकतो. आपल्या कातडीवर तो बहुतेक काळपट दिसतो. मग माणूस म्हणतो, तीळ आहे, चामखीळ आहे. वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. तो दूर पसरत नाही सहसा, पण जागच्या जागी नाक, पापणी खात जातो. खालच्या ओठाला तर ऊन वरून आणि तंबाखू आतून, असा दुहेरी मार असतो.

दुसरं भोक : ज्याच्याकडे छत्रीच नाही. अल्बिनिझम असलेली माणसं. जन्मतःच कातडीत, केसांत, डोळ्यांत रंग नाही किंवा अगदी कमी. गावात त्यांना काय काय नावं ठेवतात, ती इथं उच्चारायची गरज नाही. यांना कोड नाही, हे आधी समजून घ्या. कोडाच्या डागांना ऊन चटकन भाजतं हे खरं, पण कॅन्सरचा धोका अल्बिनिझमइतका नसतो. अल्बिनिझमची माणसं आफ्रिकेत उन्हाखाली तरुणपणीच त्वचेच्या कॅन्सरनं दगावतात, हे नायजेरिया आणि टांझानियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याला, मोशी इथं, त्यांच्यासाठी 'किलिसन' नावाचं क्रीम तिथंच बनवून वाटतात. संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा दिवस त्यांच्यासाठी ठेवला आहे. २०१५ पासून तो पाळला जातो. परभणीच्या उन्हात असं एखादं पोर शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभं असतं, तेव्हा बोर्दोचा इतिहास आपला होतो.

तिसरं भोक आणखी दुर्मीळ. झिरोडर्मा पिगमेंटोसम. व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकात या आजाराचं वर्णन केलं. लहान मुलाच्या चेहऱ्यावर, हातांवर दाट काळे ठिपके येतात, उजेड डोळ्यांना सोसत नाही, आणि शाळकरी वयातच कातडीचे कॅन्सर सुरू होतात. का, ते १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी उलगडलं. उन्हानं डीएनएवर केलेली खोड आपलं शरीर रोज दुरुस्त करत असतं. या मुलांत ती दुरुस्तीच होत नाही. डीएनए दुरुस्तीच्या संशोधनाला २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अल्बिनिझम आणि हा आजार, दोन्हींत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात ही शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत आहे, म्हणून हे सांगणं भाग आहे. यात कुणाच्या घराण्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण एका घरात असं एक मूल झालं असेल तर पुढचं लग्न ठरवताना डॉक्टरांशी बोलावं.

आणि चौथं भोक. तिथं ऊन पोचतच नाही. तळपाय आणि नखाखाली. गायक बॉब मार्लीला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. तो फुटबॉल खेळताना झालेली जखम समजला गेला होता. मे १९८१ मध्ये तो ३६ व्या वर्षी गेला. सावळ्या आणि काळ्या माणसांत हा जहाल कॅन्सर जास्त करून तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो. उन्हाशी त्याचा संबंध नाही. अनवाणी चालणाऱ्या गावात तळपायाला काय नेहमीच लागतं, म्हणून तो डाग कुणी बघत नाही.

खानोलकर आणि धोतर

आता आपली कातडी कुणी बघितली, त्याकडे येऊ.

२८ फेब्रुवारी १९४१. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ चा जन्म, लंडनला पॅथॉलॉजीचं शिक्षण, मुंबईत अध्यापन. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे कोण, तर शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करणारा. त्याला रुग्ण सहसा भेटत नाही, काचेची पट्टी भेटते.

खानोलकरांचं मोठेपण असं की त्यांनी पट्टीच्या पलीकडचा माणूस विचारला. हा कुठला? काय खातो, काय ओढतो, काय नेसतो? देशभरातून रुग्ण येत होते, आणि एकेका प्रदेशातल्या माणसाला एकेका ठरावीक जागी कॅन्सर होत होता. १९४५ साली त्यांनी सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासोबत अमेरिकेतल्या पॅथॉलॉजीच्या नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता चालीरीतींमुळे होणारे भारतातले तीन नवे कॅन्सर. एक, आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. दुसरा, खैनी ओठामागे धरणाऱ्यांचा. आणि तिसरा, धोतराचा कॅन्सर.

धोतराचा! म्हणजे कमरेवर, जिथं धोतर घट्ट आवळून बांधतात, त्या पट्ट्यातल्या कातडीचा. वर्षानुवर्षं तीच जागा, तीच आवळण, वरून घाम, धूळ, घर्षण. आधी तिथला रंग उडतो, कातडी जाड होते, खवले येतात. मग चीर पडते, ती भरते, पुन्हा पडते. आणि एके दिवशी भरायची थांबते.

गंमत बघा. उघड्या अंगावर, जिथं ऊन पडतं, तिथं या शेतकऱ्याची कातडी टिकली. ती हरली कापडाखाली. बोर्दोच्या मजुराला कापडानं वाचवलं होतं, इथं कापडाच्या गाठीनंच घात केला. युरोपातल्या पुस्तकांतून हे कधी सापडलं नसतं. त्यासाठी धोतर नेसणाऱ्या माणसाकडे रुग्ण म्हणून बघावं लागलं.

धोतर गेलं, पण गाठ गेली नाही. परकराच्या नाडीनं कमरेवर काळा वळ उठलेली बाई आपल्या प्रत्येक घरात आहे. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णनोंदींच्या नियतकालिकात अशा दोन वयस्कर बायकांची हकीकत छापली. एकीच्या कमरेवर दीड वर्ष, दुसरीच्या दोन वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी तर परकर न घालता लुगडंच कमरेला घट्ट आवळून नेसायची. तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. डॉक्टरांचा सल्ला अगदी साधा : परकर सैल बांधा, आणि कातडीला त्रास होत असेल तर ती बरी होईपर्यंत सैल कपडे घाला.

जखमेचा इतिहास

या गोष्टीचे धागे आणखी मागे जातात. १८२८ साली पॅरिसच्या ज्याँ-निकोला मार्जोलिन यांनी जुन्या व्रणात होणाऱ्या बदलांचं वर्णन केलं. पुढे जुन्या वणावर, भाजल्याच्या डागावर, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत होणाऱ्या कॅन्सरला त्यांचंच नाव पडलं. १८६६ मध्ये काश्मीरात काम करणाऱ्या डॉ. एल्म्सली यांनी कांगडीच्या कॅन्सरची नोंद केली. थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची टोपली पोटाशी धरायची. रोजचा तो शेक पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला बाधायचा.

काश्मीरात निखारा, मुंबईत धोतर, आणि आपल्याकडे? चुलीवर भाजलेला हात, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली मांडी, सापानं चावल्यावर सडलेली पायाची कातडी, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायाला पडलेलं छिद्र. जखम एकदा झाली, कशीबशी भरली, कातडी पातळ आणि ताणलेली राहिली. वीस-तीस वर्षांनी तिथंच पुन्हा फुटते. घरचे म्हणतात, जुनंच आहे. खरा धोका त्या 'जुनंच आहे' या दोन शब्दांत आहे.

परभणीपासून काचेच्या पट्टीपर्यंत

खानोलकरांचा लेख आला तेव्हा, १९४५ मध्ये, परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावरच आली होती, म्हणजे मुंबईला जायची वाट होती. पण कमरेच्या जखमेसाठी कोण जातंय? मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९५६ साली, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकात. नांदेडचं १९८८ मध्ये. परभणीचं स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२३ उजाडलं. कातडीचा तुकडा काढून तो बघणारा माणूस किती लांब आहे, यावर रोग कुठल्या टप्प्यावर सापडणार हे ठरतं. आपल्याकडे हे अंतर फार उशिरा कमी झालं.

आणि गावात कॅन्सर किती आहे हे तरी कुणी मोजलं? मुंबईत १९६३ पासून नोंदणी सुरू झाली, पण ती शहराची. खेड्यांची पहिली नोंदणी १९८७ साली सुरू झाली, आणि ती आपल्या शेजारी, बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि मराठवाड्यातले परांडा, भूम. साडेतीनशेच्या आसपास गावं. पद्धतही वेगळी. गावात दवाखानाच नाही तर दवाखान्याचं रजिस्टर तपासून काय मिळणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, सरपंच, शिक्षक, जाणती माणसं यांना भेटले, कॅन्सरची लक्षणं सांगितली, आणि कुणाला असं काही आहे का विचारलं. आकडे तर मिळालेच. शिवाय लक्षणं कळल्यामुळे माणसं लवकर तपासायला यायला लागली.

बार्शीच्या नोंदीत बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यात पुढे होता. त्वचेचा कॅन्सर वरच्या रांगेत नव्हता. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, हे पुन्हा सिद्ध झालं. पण आपल्या कामाची गोष्ट त्या पद्धतीत आहे. विचारलं की सापडतं, आणि सापडलं की लवकर सापडतं.

मग आज काय बघायचं

इतिहास इथं थांबवतो आणि कामाचं बोलतो.

एक. कुठलीही जखम, फोड, चीर महिनाभरात भरली नाही तर दाखवायची. चेहऱ्यावर असो, कमरेवर असो, तळपायावर असो, जुन्या भाजल्याच्या डागात असो. दुखत नाही म्हणून सोडू नका. सुरुवातीला बहुतेक दुखतच नाही.

दोन. जुन्या वणावर नवी गाठ, फुलकोबीसारखं वाढणारं मांस, घाण वास, सहज रक्त येणं. तीळ मोठा होतोय, कडा वाकड्यातिकड्या, मध्ये खड्डा पडतोय. नखाखाली काळी रेघ रुंद होतेय. यातलं काहीही दिसलं तर मलम बदलत बसू नका.

तीन. 'तुकडा काढला की कॅन्सर भडकतो', हे गावोगाव ऐकू येतं. असं होत नाही. तुकडा न काढता डाग दिला, औषधी पाला बांधला, तेजाब लावलं, यात महिने जातात आणि तेवढ्यात तो आत उतरतो. तपासणी छोटी असते, जागा बधिर करून होते.

चार. लवकर सापडलेला त्वचेचा कॅन्सर हा बरा होणाऱ्या कॅन्सरमध्ये मोडतो. बहुतेकदा भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट तो कापून काढला की भागतं. गरज पडली तर रेडिएशन. उशीर झाला तर गाठी काढाव्या लागतात, कधी पायच जातो. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि रेडिएशन बसतात. निघताना रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या. जिल्हा रुग्णालयात पहिली चौकशी होते.

पाच. उन्हाचं काय? सावळ्या कातडीच्या शेतकऱ्यानं महागडं क्रीम घ्यावं, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे उपाय होताच. म्हाताऱ्यांचा पटका डोकं, कान, मान झाकायचा. कापूस वेचणाऱ्या बाया आजही लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला दस्ती गुंडाळतात. हे उत्तम संरक्षण आहे. तरुणांनी पटका सोडून क्रिकेटची टोपी घेतली, तिनं कपाळ झाकलं, पण कान आणि मान उघडी पडली. दस्ती सोडू नका. आणि एक लक्षात ठेवा, अतिनील किरण चटका देत नाहीत, त्यामुळे गार वाऱ्यात ते कळत नाहीत. सकाळी दहा ते दुपारी चार हा त्यांचा काळ.

अल्बिनिझम असलेल्या माणसाला मात्र हे सगळं दसपट काटेकोरपणे हवं. फुल बाह्या, रुंद काठाची टोपी, गॉगल, उघड्या कातडीला सनस्क्रीन, आणि वर्षातून दोनदा अंगभर तपासणी. शाळेत मैदानावरची प्रार्थना त्याला सावलीत करू द्या, वर्गात पुढच्या बाकावर बसवा, कारण त्याची नजरही कमी असते. रोजगाराला जाणार असेल तर सावलीतलं काम द्या. ही दया म्हणून नको. परभणीत उन्हाचा कॅन्सर सगळ्यात आधी ज्याच्या वाट्याला येईल, असा माणूस तोच आहे.

तर त्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तर असं. आजोबांच्या अंगातल्या छत्रीनं त्यांना पन्नास वर्षं सांभाळलं, म्हणून घरटी रुग्ण नाही. पण छत्रीला भोकं आहेत, आणि कानशील त्यातलंच एक. वर्षभर न भरलेली जखम कशाची, हे बघून कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही आणि गावातल्या डॉक्टरलाही नाही. काचेच्या पट्टीवर तुकडा गेला की आठ-दहा दिवसांत कळतं. खानोलकरांच्या वेळी त्यासाठी परळ गाठावं लागायचं. आता ते अंतर उरलेलं नाही. आजोबांना या आठवड्यात घेऊन जा.

हा भाग घरातल्या मोठ्यांना ऐकवा, ज्यांना ऐकायला जड जातं त्यांना वाचून दाखवा.